पडदा, तळे आणि वर्ग

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर या लगतच्या तालुक्यांत मराठी इतिहासस्मृतीची दोन भिन्न केंद्रे आहेत. पोलादपूर तालुक्यातील उमरठ तानाजी मालुसऱ्यांच्या स्मृतीशी, तर महाडचे चवदार तळे 1927 च्या सत्याग्रहाशी निगडित आहे. 1923 हे साल या दोहोंना अनपेक्षितपणे जवळ आणते. त्या साली बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ हा मूकपट आला. त्याच साली ऑगस्टमध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. एका स्मृतीला पडदा लाभला होता. दुसरीची घटना अद्याप घडायची होती. चित्रपटाच्या आधारे संस्कृतीचे आकलन घडवू पाहणाऱ्या अध्यापकाने या विषमतेपासूनच आरंभ करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तानाजीची कथा पोवाड्यातून हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीत, तेथून मूकपटात, 1933 साली शांतारामबापूंच्या बोलपटात आणि 2020 साली हिंदी ‘तान्हाजी’त आली. ही रूपे शेजारी ठेवली की प्रत्येक काळ आपल्या गरजेनुसार भूतकाळ रचतो, हे विद्यार्थ्यास उमगते. महाडचे तसे नाही. जब्बार पटेल यांच्या 2000 साली प्रदर्शित झालेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटातील जलप्राशनाचे दृश्य पाहताना ‘हे असेच घडले’ हीच प्रतिक्रिया स्वाभाविक ठरते. ओंजळीतले पाणी दृश्यरूपास अनुकूल असते. ठराव आणि निकालपत्रे तशी नसतात. परंतु इतिहास त्यांतही आहे. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तरी 20 मार्च 1927 रोजी पाणी पिणाऱ्यांवर हल्ला झाला, तळ्याची ‘शुद्धी’ झाली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागला तो 17 मार्च 1937 रोजी. ओंजळ आणि निकाल यांच्यामधली ही दहा वर्षे वर्गातच उभी करावी लागतात.

ती उभी करण्याची एक रीत आपल्याकडे रुजलेली आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये 1963 पासून सतीश बहादूर यांनी चित्रपट रसास्वादाच्या अध्यापनाची घडी बसवली. एकच कृती पुनःपुन्हा पाहणे, चौकट, ध्वनी व संकलन यांची दखल घेणे आणि मगच अर्थाकडे वळणे, हे तिचे सूत्र होते. 1964 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साहाय्याने ती पुण्याबाहेर पोहोचली. कर्नाटकातील हेग्गोडूसारख्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम्‌ने जागतिक चित्रपट ग्रामीण प्रेक्षकांपुढे आणून दाखवले. आस्वादाची शिस्त ही महानगरांची मिरास नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले.

या रीतीचे खरे मोल महाडसारख्या ठिकाणी प्रत्ययास येईल. येथे पडद्यावरच्या जमावात एका विद्यार्थ्याला आपले पणजोबा तळ्याच्या पायऱ्यांवर दिसू शकतात, तर दुसऱ्याला लाठी घेतलेल्यांत. अशा वर्गात ‘तुमच्या समाजाचा अनुभव सांगा’ असे म्हणून चर्चा सुरू करणे हे वरवर औदार्य आहे. वस्तुतः त्यामुळे दलित विद्यार्थ्यावर साक्षीदाराची भूमिका लादली जाते आणि इतरांना श्रोते होऊन मोकळे होता येते. चर्चेचा आरंभ व्यक्तीच्या जातीपासून नव्हे, चौकटीपासून व्हावा. कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे? तळ्याकाठच्या घरांतील माणसे दिसतात काय? स्त्रिया कोठे आहेत? हे प्रश्न सर्वांना सारखेच उत्तरदायी करतात.

चर्चेचे सूत्रसंचालन विद्यार्थ्यांकडे द्यावे, याचा अर्थ अध्यापकाने अंग काढून घ्यावे असा नव्हे. प्रश्न त्यांचे असावेत. तारखा, ठराव आणि निकालपत्र पुढ्यात ठेवण्याची जबाबदारी त्याची. अन्यथा चर्चा पूर्वग्रहांची उजळणी ठरते. पडद्यावरील पाणी क्षणात ओठांशी पोहोचते. त्याला कायद्याने दहा वर्षे का लागली, हे विद्यार्थ्याने स्वतःहून विचारले, तर सांस्कृतिक आकलनास आरंभ झाला असे मानता येईल.