कर्वे आणि पोप : शेवटचा शब्द कोणाचा?

बोलतोय चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियातून, पण आजची गोष्ट मुंबईची आणि रोमची आहे.

१९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडलं. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. देवधर्म न मानणाऱ्या कर्व्यांचं म्हणणं सरळ होतं : कामसुख हे पाप नाही, त्यावर स्त्रीचाही हक्क आहे आणि मूल हवं की नको हे तिने ठरवावं.

३१ डिसेंबर १९३० रोजी पोप अकरावे पायस यांनी नेमकं उलट बजावलं : विवाह हा पवित्र संस्कार, तो मोडता येत नाही आणि कृत्रिम संततिनियमन हे पाप. पुढे १९५१ साली बारावे पायस यांनी, गंभीर कारण असेल तर, गर्भ न राहणाऱ्या दिवसांचा आधार घ्यायला मोकळीक दिली.

म्हणजे पाळणा लांबवणं चर्चलाही सर्वस्वी अमान्य नव्हतं. मग वाद कशाचा? मला वाटतं, शेवटचा शब्द कोणाचा, याचा. चर्चच्या मते देवाचा; कर्व्यांच्या मते बाळंतपण सोसणाऱ्या बाईचा.

आपल्या घरात तो कोणाचा असतो?