हुपरी

हुपरी : महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यातील, हातकणंगले तालुक्यातील चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध शहर. पंचगंगा व दूधगंगा या नद्यांच्या दरम्यानच्या ऊसपट्ट्यात, कोल्हापूरच्या आग्नेयेस सुमारे 20 किमी.वर ते वसले आहे. ‘चंदेरी नगरी’ हे त्याचे लोकप्रिय नाव. पूर्वीच्या ग्रामपंचायतीच्या जागी आता येथे नगरपरिषद आहे. जवाहर शेतकरी सहकारी साखर कारखाना हा परिसराचा दुसरा मोठा आधार होय.

येथील चांदीकाम घरोघरी चालते. चांदी वितळवून तिची कांब पाडतात. कांबेची तार ओढतात. तारेच्या कड्या एकमेकींत गुंफून पैंजणाची साखळी होते. सांध्यांना डाक लावणे, घुंगरू बसवणे आणि झिलई देणे ही कामे बहुधा वेगवेगळ्या हातांनी होतात. त्यामुळे एकच पैंजण तयार होईपर्यंत अनेक घरांचा उंबरा ओलांडते. वाळे, जोडवी, कमरपट्टे यांचीही घडण होते. दागिन्याचे मोल वजन, टंच (चांदीची शुद्धता) आणि मजुरी यांवर ठरते; खरेदीदाराने या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे विचारून घ्याव्यात.

शहराची भाषा मराठी. नवख्या माणसाचे स्वागत ‘पाव्हणं, कुठनं आलासा?’ या कोल्हापुरी विचारणेने होते. कागलच्या पुढे पुणे-बंगळूर महामार्गावर लगेच कर्नाटकाची हद्द लागत असल्याने कन्नड या भागाला परकी नाही. अण्णा, अप्पा, अक्का ही संबोधने दोन्ही भाषांत सारखीच रुळली आहेत. परप्रांतीय व्यापाऱ्यांशी बोलणी हिंदीत होतात. जवळच्या पट्टणकोडोलीतील विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याची उधळण होते. तिला दोन्ही राज्यांतील भाविक येतात.

हुपरीला येण्यासाठी कोल्हापूर व इचलकरंजी येथून एस.टी. बस मिळते. रेल्वेने येणाऱ्यास मिरज-कोल्हापूर मार्गावरील कोल्हापूर स्थानक सोयीचे. विमानतळ उजळाईवाडीस आहे. चांदीकाम पाहण्यास एक दिवस पुरतो, मात्र घर हाच कारखाना असल्याने आधी ओळख काढून, परवानगी घेऊन जाणे योग्य. मौल्यवान धातू उघड्यावर हाताळला जात असल्याने अनोळखी माणसाबद्दल सावधगिरी असते. ओळखीचा माणूस बरोबर असला, की तीच घरे मोकळेपणाने दार उघडतात.

मुक्कामासाठी कोल्हापूर हे जवळचे मोठे ठिकाण. 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत ते कोल्हापूर संस्थानाची राजधानी होते, आणि बाहेरून आलेल्यांना आसरा देण्याची परंपरा तेथे जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने व साहाय्याने 1901 पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यांतील मुलांना त्यामुळे शहरात शिकता आले. आजच्या प्रवाशास मध्यवर्ती बसस्थानक व रेल्वेस्थानकाच्या परिसरात लॉज, तर अंबाबाई मंदिराभोवती धर्मशाळा व यात्री निवास मिळतात. नवरात्रात आणि चैत्रातील जोतिबा यात्रेत खोल्या भरून जात असल्याने त्या काळात आगाऊ नोंदणी आवश्यक असते. कोल्हापूरहून सकाळच्या बसने निघाल्यास हुपरी पाहून संध्याकाळी मुक्कामी परतता येते.