थोर आणि हिरवा सदरा

गुणांची बेरीज करण्यात शाळामास्तराची निम्मी हयात जाते. एखाद्या पोराला दोन गुण कमी पडले की त्याचा बाप दारात येऊन उभा राहतो, आणि ते दोन गुण द्यावेत की नाही या विचारात मास्तराची झोप उडते. म्हणूनच असेल कदाचित, पण सायकलच्या शर्यतींचा इतिहास वाचताना मी अडून राहिलो तो एका नॉर्वेजियन गड्याच्या १२ गुणांपाशी.

त्याचे नाव थोर हूसहोव्ड. हा थोर आपल्या मराठीतला नव्हे हो! उत्तरेकडच्या जुन्या दैवतांतला तो मेघगर्जनेचा देव. आपल्या इंद्राच्या हाती वज्र, तसा त्याच्या हाती हातोडा. आमच्या या थोरचा जन्म १९७८ चा, गाव नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरचे ग्रिमस्टाड. ज्या इब्सेनने आपल्या मराठी नाटककारांना वेड लावले, तो पोरवयात याच गावी औषधांच्या दुकानात उमेदवारी करीत होता. आणि याच गावच्या डाग ऑटो लॉरिट्झनने १९८७ साली 'टूर द फ्रान्स'चा एक टप्पा जिंकला. असा मान मिळवणारा तो पहिला नॉर्वेजियन. थोर तेव्हा नऊ वर्षांचा होता.

ही शर्यत तीन आठवडे चालते, टप्पे एकवीस. ज्याचा एकूण वेळ सर्वांत कमी, त्याला पिवळा सदरा. हिरव्या सदऱ्याचा हिशेब निराळा, तो गुणांवर मिळतो. टप्प्याच्या शेवटी जो आधी पोचेल त्याला अधिक गुण, आणि वाटेतल्या काही ठरावीक रेषांवरही थोडे थोडे. थोर हा अखेरच्या क्षणी मुसंडी मारणारा, ८० किलोंहून भारी माणूस. असली माणसे सपाटीवर राज्य करतात आणि घाट लागला की धापा टाकीत मागे राहतात. २००५ साली त्याने हिरवा सदरा एकदा जिंकला होता.

२००९ साली मात्र त्याची गाठ मार्क कॅव्हेंडिशशी पडली. या इंग्रजी बोलणाऱ्या मॅन बेटाच्या पोराने त्या वर्षी सहा टप्पे मारले; थोरने एकच, बार्सिलोनाचा. १८ जुलैला बेझांसों गावी शेवटच्या झटापटीत कॅव्हेंडिशने थोरला कठड्याकडे दाबले, असा पंचांनी ठपका ठेवला आणि त्याला त्या घोळक्याच्या तळाशी टाकले. त्याचे गुण गेले. तो चिडून म्हणाला, या हिरव्या सदऱ्यावर आता डाग राहील.

थोरने उत्तर दिले ते चार दिवसांनी, तेही तोंडाने नव्हे. २२ जुलैला आल्प्समध्ये पाच घाटांचा टप्पा होता. ज्या दिवशी असल्या भारी गड्यांनी मागे राहून कसाबसा दिवस काढायचा, त्या दिवशी हा एकटाच पुढे निघाला! सेझीचा घाट चढला, उतरला, वाटेतल्या दोन्ही रेषा पहिल्याने ओलांडल्या. प्रत्येकी सहा, म्हणजे १२ गुण. पुढच्या घाटांत मागच्यांनी त्याला गाठले, पण त्याचे काम झाले होते. कॅव्हेंडिशनेही पुढे आपण ओशाळलो असे कबूल केले.

पॅरिसला बेरीज झाली ती अशी: थोर २८०, कॅव्हेंडिश २७०. ते १२ गुण वजा करा. थोर २६८ वर येतो आणि हरतो. पण मास्तराने बेरीज अर्धी सांगू नये. बेझांसोंचे गुण काढून घेतले नसते, तर कॅव्हेंडिशच जिंकला असता. मग सदरा कोणाचा? मी पंच असतो तर मला झोप आली नसती. तरी माझे मत विचाराल, तर ज्याने आपल्या देहाला न मानवणाऱ्या घाटात जाऊन गुण वेचून आणले, त्याच्याकडेच माझा कल आहे.

२०१० साली ऑस्ट्रेलियात जिलाँगला थोर जगज्जेता झाला, आणि पुढल्या वर्षी इंद्रधनुषी पट्ट्यांचा सदरा घालून पुन्हा डोंगरात शिरला. १५ जुलै २०११, पो ते लूर्द. मध्ये ओबिस्कचा घाट, उंची १७०९ मीटर. जेरेमी रॉय नावाचा फ्रेंच गडी माथ्यावरून एकटाच पुढे गेला होता. थोर उताराला लागला. उतारावर त्याचे वजनच त्याच्या मदतीला आले. आधी त्याने दाव्हिद मोंकुतिएला गाठले, मग लूर्द अगदी दिसू लागल्यावर रॉयला. नवस फेडायला जिथे ख्रिस्ती यात्रेकरू लोटतात, त्या गावात थोर पहिला शिरला. मोंकुतिए दुसरा आला. दिवसभर पुढे राबलेला रॉय तिसरा.