बसू या कधीतरी

मराठीतलं 'बसणे' हे क्रियापद वाटतं तेवढं साधं नाही. पाहुण्याला 'बसा' म्हटलं की चहा करावा लागतो. धंदा बसला की माणूस उठतो. आणि ऑफिसातला मित्र कानाशी येऊन 'बसू या कधीतरी' असं म्हणाला, की त्यात खुर्चीचा संबंध नाममात्रच असतो. हा शेवटचा अर्थ फक्त आपल्या मायबोलीचा, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. ती टोकियोत गेली.

आमचे चिरंजीव टोकियोत निशी-कासाई भागात राहतात. तिथे आपली भारतीय मंडळी इतकी, की सकाळी फिरायला निघालं तर 'तुम्ही कोथरूडचे का हो?' असं विचारणारं कुणीतरी भेटतंच. आम्ही उभयता जाऊन तीन दिवस झाले होते. चौथ्या दिवशी चिरंजीव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाबा, शुक्रवारी आपण दोघंच बाहेर जाऊ."

"जेवायला?"

"हो. म्हणजे... इझाकायात. कांद्याला."

"कांद्याला कशाला? घरात आहेत की चार," सौभाग्यवती आतून म्हणाल्या.

कान्दा हे टोकियोतल्या एका भागाचं आणि तिथल्या स्टेशनचं नाव आहे, हे त्यांना पटवण्यात पाच मिनिटं गेली. ते बरंच झालं; इझाकाया म्हणजे काय हे विचारायचं राहून गेलं.

आता आमच्या घराची घटना सांगायला हवी. मी वर्षातून दोनतीनदा मित्रांबरोबर 'बसतो' आणि लवंग चघळत घरी येतो. मुलगाही कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून अधूनमधून बसतो. मला त्याचं माहीत, त्याला माझं माहीत, दोघांचंही त्याच्या आईला माहीत. पण पंधरा वर्षांत या विषयावर घरात अवाक्षर निघालेलं नाही. असा शांततेचा तह युरोपातल्या राष्ट्रांनासुद्धा इतकी वर्षं पाळता आलेला नाही.

शुक्रवारला दोन दिवस होते. मी पडलो पुणेकर. सनावळी पाठ असल्याशिवाय मी कुठल्याही वास्तूत शिरत नाही. तेव्हा वाचायला बसलो, आणि पहिल्याच शब्दाला थबकलो. 'इ' म्हणजे असणं, थांबणं (या क्रियापदाचा जुना अर्थ तर चक्क बसणं!), 'झाका' म्हणजे साके, म्हणजे दारू, आणि 'या' म्हणजे दुकान. बसून प्यायचं दुकान! 'बसू या कधीतरी' यातला 'या'सुद्धा जपान्यांनी ठेवलेला पाहून माझा ऊर भरून आला.

दुकानाला 'बसायचं' असं मुद्दाम म्हणावं लागलं, कारण आधी तिथे कुणी बसत नसे. टोकियोचं जुनं नाव एदो. तिथे साकेची दुकानं होती ती आपल्या तेलाच्या दुकानासारखी. भांडं न्यायचं, मापून घ्यायचं आणि घरी जायचं. पण घरापर्यंत धीर न धरणारं गिऱ्हाईक सगळ्या देशांत असतं. ते दुकानातच उभ्या उभ्या माप रिकामं करू लागलं. मग कुणीतरी बाक टाकला, कुणी खायला काहीबाही शिजवून ठेवलं, आणि संस्कृतीला सुरुवात झाली.

याच कान्दा भागात, कामाकुरा-गाशी नावाच्या धक्क्यावर, १५९६ साली तोशिमाया नावाचं दुकान निघालं. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या चौतीस वर्षं आधी! ते नाव आजही चालू आहे. या दुकानाची युक्ती अशी सांगतात, की साके जवळजवळ खरेदीच्या भावात विकायची आणि नफा काढायचा तो रिकाम्या पिंपांवर. पिंपं मिसो आणि सोया सॉस करणारे विकत घेत. जोडीला टोफूचे मोठाले तुकडे काडीला टोचून, मिसो फासून भाजून द्यायचे. यांची पांढरी गोड साके बायकांतही इतकी लाडकी, की बाहुल्यांच्या सणाआधी ती विकायला निघाली म्हणजे चेंगराचेंगरी व्हायची. म्हणून दाराच्या माचीवर एक वैद्य बसवून ठेवत म्हणे. दारूच्या दुकानाने स्वतःच वैद्य पुरवल्याचं इतिहासात दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

पण इतकी गिऱ्हाइकं आली कुठून? याचं उत्तर खानेसुमारीत सापडतं. १७२१ साली एदोच्या सामान्य नागरिकांची मोजदाद झाली. एकूण पाच लाख एक हजार. त्यांत पुरुष तीन लाख तेवीस हजार आणि बायका एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार! सामुराई यात धरलेलेच नाहीत. सरदारांना आळीपाळीने एक वर्ष गावी आणि एक वर्ष एदोला राहावं लागे, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या शिपायांची बायकापोरं गावीच राहत. शिवाय १६५७ साली (म्हणजे महाराजांनी जुन्नर लुटलं त्याच साली) आगीत शहराचा मोठा भाग जळाला. ते पुन्हा उभारायला गावोगावचे सुतार, गवंडी, हमाल आले. सगळे एकटे. खोली हातभर, चूल असून नसल्यासारखी. मी ते आकडे सौभाग्यवतींना वाचून दाखवले आणि म्हणालो, "बघ, बायका कमी पडल्या की काय होतं!" त्या म्हणाल्या, "जास्त असूनही तुम्ही जाताच की."

१८११ साली, म्हणजे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द चालू असताना, एदोत खाण्याची साडेसात हजारांवर दुकानं होती. त्यांतली १८०८ इझाकाया होती. दारात सुंभाच्या दोऱ्यांचा पडदा आणि ओळखीची खूण म्हणून टांगलेले मासे नि ऑक्टोपस. साके यायची नादा आणि इतामी या गावांहून, लाकडाच्या पिंपांतून, जहाजाने. प्रवासात लाकडाचा वास लागायचा आणि लोकांना तोच आवडायचा. टेबल मात्र नव्हतं. जुन्या चित्रांत गिऱ्हाईक बाकावर एक पाय दुमडून बसलेलं आणि ताटली शेजारी बाकावरच. तिथल्या ऐतिहासिक मालिकांत मात्र सामुराई सर्रास टेबलावर मूठ आपटतात. आपल्या नाटकांतल्या मावळ्यांच्या मनगटांवर घड्याळं राहतात, त्यातलाच प्रकार.

शुक्रवारी संध्याकाळी रेल्वेच्या विटांच्या कमानींखालच्या एका दुकानात शिरलो. शिरताक्षणी सगळे नोकर एकदम ओरडले. मला वाटलं, मी कुणाच्या पायावर पाय दिला! ते 'या, या' होतं. बूड टेकतं न टेकतं तोच दोन चिमुकल्या वाट्या पुढ्यात आल्या, प्रत्येकीत चमचाभर काहीतरी समुद्री हिरवळ.

"हे आपण मागवलेलं नाही," मी म्हणालो.

"ओतोशी म्हणतात त्याला. न मागता येतं."

"फुकट?"

"नाही. बिलात लागतं. चारशे येन असेल."

माझ्यातला पुणेकर ताडकन उभा राहिला. न मागितलेल्या वाटीचे पैसे! मी मॅनेजरला बोलवायला निघालो होतो. चिरंजीवांनी मला खाली बसवलं आणि सोयाबीनच्या उकडलेल्या खारट शेंगा, मिसो लावून भाजलेला टोफू आणि साकेची सुरई मागवली.

सुरई आली, दोन अंगठ्याएवढे पेले आले, आणि आम्ही दोघं पेल्यांकडे बघत बसलो. इथला रिवाज असा, की आपला पेला आपण भरायचा नाही. तो समोरच्याने भरायचा आणि आपण त्याचा भरायचा. एकट्याने स्वतःचं ओतून घेण्याला तेजाकु असा वेगळा शब्द आहे. म्हणजे मुलाने ओतल्याशिवाय मला मिळणार नाही आणि मी ओतल्याशिवाय त्याला नाही. पंधरा वर्षांचा तह मोडायची जबाबदारी जपानने दोघांवर सारखी वाटली होती. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे साहेब आणि त्यांचा पोरगेला कारकून एकमेकांचे पेले सारखे भरत होते. बघवेना!

शेवटी चिरंजीवांनी दोन्ही हातांनी सुरई उचलली. माझ्या लहानपणी आम्ही वडिलांच्या हातावर पळीने आचमनाचं पाणी घालत असू, तशी. मी पेला पुढे केला. मग मी त्याचा भरला. माझा हात थोडा हलला आणि टेबलावर सांडलं.

"असू दे बाबा," तो म्हणाला.

दुसऱ्या पेल्यानंतर त्याने ती ओतोशीची वाटी जवळ ओढली. "पहिल्या वर्षी दर शुक्रवारी मी इथेच यायचो. तिकडे, त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर. भाषा येत नव्हती, काय मागवायचं कळायचं नाही. पण जाऊन बसलं की ही वाटी यायची. काही न विचारता. आणि ओतून घ्यायचो माझं मीच."

"आम्हांला फोनवर तर सांगायचास, मजेत चाललंय."

"मग काय सांगणार!"

मी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं. तिथे एक तरुण मुलगा कोट न काढताच बसला होता. त्याच्या पुढ्यात वाटी आली होती. मला ते खानेसुमारीचे आकडे आठवले. परवा ते वाचून दाखवताना मी हसलो होतो. त्याचा पेला रिकामा दिसला तेव्हा मी तो भरला. या वेळी सांडलं नाही.

बिल आलं. त्यात दोन ओतोशींचे आठशे येन होते. मी काही बोललो नाही, आणि ते पाहून चिरंजीव थोडे घाबरले. "बाबा, बरं वाटतंय ना?"

घरी पोचायला साडेदहा झाले. लवंग टोकियोत कुठे मिळते ते दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. दार सौभाग्यवतींनीच उघडलं. आम्हांला एकदा आळीपाळीने न्याहाळलं आणि विचारलं, "काय खाल्लंत एवढा वेळ?"

"शेंगा," आम्ही दोघं एकदम म्हणालो.