नळातली नदी आणि तिचा काठ

आजचा विषय वरवर पाहता सुट्टीच्या दिवसाचा वाटेल: नदीच्या काठाकाठाने जाणारी लांब सायकलवाट, जिच्यावरून आई-वडील आणि मुलं बरोबर जाऊ शकतील. पण हा विषय मुंबईच्या उपनगरात मांडायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, इथे नदी आहे कुठे? तशा चार आहेत. मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर. बोलताना मात्र आपण चौघींनाही नालाच म्हणतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी ही नदी आहे हे अनेकांना पहिल्यांदा कळलं.

आज आपण पाचव्या नदीबद्दल बोलणार आहोत. ती शहापूर तालुक्यातून सुमारे शंभर किलोमीटर वाहत येते, बारा महिने वाहते, आणि आपल्यापैकी अनेकजण सकाळी तिच्याच पाण्याचा चहा करतात. ही तानसाची जलवाहिनी. मुंबई महापालिकेने २०१७-१८ च्या सुमारास हिच्याच कडेने मुलुंडपासून धारावी-शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंगचा मार्ग आखला. 'ग्रीन व्हील्स अलाँग ब्ल्यू लाइन्स' असं त्याचं नाव. या मार्गाचा इतिहास नीट पाहिला तर 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ तपासून घेता येतो, म्हणून आम्ही तो निवडला.

आधी थोडं बाहेर जाऊ. जगात अशा वाटांचं नाव निघालं की डॅन्यूबचं उदाहरण हमखास येतं. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासची वाट आहे, आणि लहान मुलांना घेऊन लोक ती आठवडाभरात करतात. हे जमतं कसं? एक कारण भूगोलाचं. नदी हळूहळू उतरते, म्हणून तिच्या काठाला चढ नसतात. दुसरं कारण इतिहासाचं. इंजिनं येण्यापूर्वी प्रवाहाविरुद्ध नावा न्यायच्या तर काठावरून घोडे दोर लावून त्या ओढत. त्या घोड्यांसाठी काठाने सलग वाट राखावी लागे. पुढे घोडे गेले, वाट राहिली आणि तिच्यावर सायकली आल्या. म्हणजे ही सहलीची वाट मुळात कष्टाची वाट होती.

पण काठाची जमीन तर कुणाच्या तरी मालकीची असणार. मग तिथून घोडे जाऊ कसे दिले? याचं उत्तर रोमन कायद्यात सापडतं. इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने जी संहिता काढली, तिच्यात या प्रश्नाचा विचार आहे. काठाची मालकी लगतच्या शेतमालकाची, पण काठाचा वापर नदीइतकाच सर्वांचा. कुणीही नाव लावावी, दोर झाडाला बांधावा, माल उतरवावा. मालकी आणि वापर यांची ही फोड फार महत्त्वाची आहे. मालक एक असू शकतो आणि तरीही हक्क सगळ्यांचा असू शकतो.

आपल्याकडेही घाट होते, पाणवठे होते. पण ते सगळ्यांचे होते असं म्हणता येत नाही. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणून सरकारी आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करायला लावले. तरी प्रत्यक्ष पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. तेव्हा 'पूर्वी सगळं सर्वांचं होतं, आता बिघडलं' असा सोपा इतिहास आपल्याला सांगता येणार नाही. काठ सर्वांचा असणं ही आपल्याकडे भांडून मिळवलेली गोष्ट आहे.

आता मुंबईत येऊ. १८५४ साली शहरात पाण्याची तीव्र टंचाई झाली. त्यानंतर साष्टीच्या डोंगरातलं पाणी अडवायचं ठरलं आणि मिठीच्या उगमाकडेच १८६० मध्ये विहार तलाव पूर्ण झाला. १८७९ ला तुळशी, पुढे पवई. तेही पुरेना, तेव्हा थेट तानसा नदीवर धरण बांधलं आणि १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांनी त्याचं उद्घाटन केलं. पंप न लावता, नुसत्या उताराने पाणी शहरात आलं. डॅन्यूबचा काठ सायकलला सोपा करणारा हाच उतार.

यात एक गोष्ट बदलली. नदीला काठ असतो, नळाला हद्द असते. काठावर कुणीही बसावं, हद्दीत शिरलं तर अतिक्रमण. गंमत अशी, की ज्यांना शहराने जागा दिली नाही त्यांनी या हद्दीला पुन्हा काठासारखंच वापरलं. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, जिथे जिथे नळ गेला तिथे त्याच्या कडेला वस्ती झाली. कारण साधं होतं. जागा मोकळी होती आणि काम चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आग्रा रोडवरचे, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने, स्टेशनं, घरकाम, बांधकाम, सगळं जवळ. नळावर कपडे वाळत, नळावरून मुलं शाळेत जात. पत्ता विचारला तर 'पाइपलाइनला' एवढं उत्तर पुरायचं.

शहराच्या बाजूनेही रास्त चिंता होती. लाखो लोकांचं पाणी ज्या नळातून येतं त्याला दुरुस्तीसाठी हात लावता आला पाहिजे, त्यात कुणी काही कालवणार नाही याची खात्री पाहिजे. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नळाच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करायला सांगितलं. झोपड्यांचा आकडा सोळा हजारांच्या आसपास होता. नियमात बसणाऱ्या अनेक कुटुंबांना माहुलला घरं दिली गेली. माहुल म्हणजे तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांचा शेजार. तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदवलं होतं. २०१८ च्या अखेरीस माहुलची माणसं विद्याविहारला, नळाच्या कडेलाच, येऊन आंदोलनाला बसली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडं देण्याचा आदेश दिला.

ही मोकळी झालेली जागा पुन्हा अडवली जाऊ नये, म्हणून सायकलमार्ग. कल्पना वाईट नाही. कागदावर तो एकोणीस रेल्वे स्थानकांना जोडणार होता. पण सलग ३९ किलोमीटर काही झालं नाही, तुकडे झाले. त्याआधी मिठीच्या बाजूला वांद्रे-कुर्ला संकुलातही सायकलमार्ग केला होता. तो फारसा वापरला गेला नाही आणि पुढे मोडीत निघाला. 'मुंबईकर सायकल चालवतच नाही' असा निष्कर्ष मग लगेच निघतो.

श्रोतेहो, हा निष्कर्ष आपण तपासून पाहू. पहाटे पाववाला कशावरून येतो? दूधवाला, भोंगा वाजवणारा इडलीवाला, मागचं चाक उभं करून सुरीला धार लावणारा, स्टेशनबाहेर डबे टांगून निघालेला डबेवाला? आणि कुटुंबाची सायकल म्हणाल तर ती आपल्याकडे होतीच. मुलगा पुढच्या दांडीवर, बायको मागे कॅरियरवर, मधे चालवणारा. मुंबईत सायकल चालवणारा माणूस आहे, पण योजना करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर हेल्मेट घातलेला, रविवारी सकाळी निघणारा माणूस असतो. दोघांनाही वाट हवी आहे. पण कामावर निघालेल्या माणसाला तुटक तुकड्यांचा उपयोग नाही. त्याला कुलूपबंद फाटकही चालत नाही आणि रात्रीचा अंधारही.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, तेव्हा शेवटी एक भेद मांडतो. 'सर्वांसाठी' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, कुणालाही मनाई नाही. दुसरा, जे आधी तिथे होते त्यांचीही त्यात मोजदाद आहे. सायकलमार्ग पहिल्या अर्थाने सार्वजनिक करणं सोपं आहे, फाटक उघडं ठेवलं की झालं. दुसऱ्या अर्थाने करायचं तर हिशेब वाढतो. नळाच्या कडेची जी मुलं माहुलला गेली ती याच वाटेने शाळेत जायची. त्यांना जवळपास घर मिळालं असतं, तर कुटुंबासाठीच्या या वाटेवर ती कुटुंबंही असती. आणि पलीकडच्या टोकाला शहापूर आहे. तानसा, भातसा ज्या तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरने पाणी जातं. तेही या नदीच्या काठचेच लोक.

मार्ग व्हावा, आणि सलग व्हावा, असंच आम्हाला वाटतं. नळाची सुरक्षा आणि लोकांची ये-जा यांत विरोध नाही. उलट जिथे दिवसभर माणसं जातात-येतात तिथे राखण आपोआप होते. फक्त तो आखताना त्याला हद्द न समजता काठ समजावं, आणि काठावर कोण कोण होतं हे आधी विचारावं.

पुढच्या वेळी आपण विहार तलावापासून माहीमच्या खाडीपर्यंत मिठीच्या प्रवासाकडे वळू. प्रश्न असतील तर आता विचारा.