सुरक्षा झडपेची चालू संयंत्रातील चाचणी

सुरक्षा झडपेची चालू संयंत्रातील चाचणी म्हणजे बाष्पित्र किंवा दाबपात्र बंद न करता त्यावरील सुरक्षा झडप ठरवून दिलेल्या दाबाला उघडेल की नाही, हे तपासण्याची पद्धती होय. वीजनिर्मिती केंद्रे, तेलशुद्धीकरण कारखाने व रासायनिक कारखान्यांत ती वापरली जाते.

गरज

सुरक्षा झडपेच्या शोधाचे श्रेय सामान्यतः सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यांना दिले जाते. त्यांच्या झडपेवर वजन टांगलेली तरफ होती. आज तिच्या जागी बहुधा स्प्रिंग असते. आतील दाब नियत दाबापर्यंत चढला की स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो, तबकडी बैठकीवरून उचलली जाते आणि वाफ अथवा वायू बाहेर पडतो. मात्र अशी झडप दीर्घकाळ मिटलेलीच राहते. या काळात गंज वा क्षारांमुळे तबकडी चिकटू शकते किंवा स्प्रिंग सैल पडू शकते. हे दोष बाहेरून दिसत नाहीत.

पद्धती

झडपेच्या दांड्याला द्रवदाबावर किंवा हवेच्या दाबावर चालणारे उचलसाधन व बलमापक जोडतात. संयंत्रातील दाब नेहमीइतकाच ठेवून दांडा हळूहळू वर ओढला जातो व तबकडी सुटण्याच्या क्षणीचे बल नोंदले जाते. या बलाला बैठकीच्या परिणामी क्षेत्रफळाने भागून येणारा दाब संयंत्रातील दाबात मिळवला की झडप उघडण्याचा दाब मिळतो. उदाहरणार्थ, संयंत्रातील दाब ४० बार, क्षेत्रफळ २० चौ. सेंमी. व बल २,००० न्यूटन असल्यास अतिरिक्त दाब १० बार येतो. म्हणजे झडप ५० बारला उघडेल. तबकडी किंचितच उचलली जात असल्याने वाफ फारशी वाया जात नाही.

काही ठिकाणी दोन झडपा शेजारी बसवतात. एक सेवेत ठेवून दुसरी काढली जाते व कार्यशाळेत तपासली जाते.

मर्यादा

या चाचणीतून झडपेची पूर्ण विसर्जनक्षमता किंवा आतील झीज कळत नाही. क्षेत्रफळ चुकीचे धरल्यास निष्कर्षही चुकतो. बैठकीवर कचरा अडकल्यास झडप नीट मिटत नाही व गळती सुरू होते. न मिटणारी झडपही घातक ठरते: २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाबमुक्ती झडप उघडी राहिल्याने शीतक पाणी निघून गेले व अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. म्हणून चालू चाचणी ही झडप उघडून केल्या जाणाऱ्या नियतकालिक तपासणीला पूरक मानली जाते, पर्याय नव्हे.