पत्ता की पत्त्याची चिठ्ठी?

१/ २ नोव्हेंबर १९८८. रॉबर्ट मॉरिस यांच्या 'वर्म'ने व्हॅक्स संगणकांच्या स्टॅकमध्ये, म्हणजे केवळ माहितीसाठी राखलेल्या स्मृतीत, आपल्या आज्ञा घुसवल्या. संगणकांनी त्या मुकाट्याने पाळल्या.

२/ माहितीच्या जागेतून आज्ञा चालता कामा नयेत, हा त्यातला धडा. २००३ मध्ये एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरांत त्यासाठी 'एनएक्स बिट' आला. पण हा पहारा जागा आहे की नाही, हे तपासायचे कसे?

३/ लिनक्स कर्नलमध्ये ते काम 'एलकेडीटीएम' करते. एक निरुपद्रवी फंक्शन माहितीच्या स्मृतीत उतरवायचे आणि तेथून चालवू पाहायचे. कर्नलने रोखले, तर संरक्षण शाबूत.

४/ मात्र ६४-बिट पॉवरपीसीच्या जुन्या पद्धतीत फंक्शन पॉइंटर थेट आज्ञांकडे नेत नाही. तो 'डिस्क्रिप्टर'कडे, म्हणजे पत्ता लिहिलेल्या चिठ्ठीकडे नेतो. चाचणीत नक्कल झाली ती या चिठ्ठीची! तिच्यावरचा पत्ता मूळचाच. त्यामुळे फंक्शन आपल्या अधिकृत जागीच चाले, आणि पहारा चोख असूनही चाचणी त्याला दोषी ठरवी.

५/ २०२२ मध्ये क्रिस्टोफ लेरॉय यांची दुरुस्ती आली. आधी चिठ्ठी उघडून खऱ्या आज्ञांची नक्कल करायची, मग नव्या जागेचा पत्ता घातलेली नवी चिठ्ठी तयार करायची. तेव्हा कुठे या यंत्रांवर पहाऱ्याची खरी परीक्षा होऊ लागली.